हवामान निधीची वही कोणाच्या हातात?

२०२२ च्या पावसाळ्यात पाकिस्तानात महापूर आला. ३ कोटी ३० लाख लोकांना त्याची झळ बसली, १,७०० हून अधिक माणसं दगावली. सिंध प्रांतात शेतांमधलं पाणी ओसरायला महिनोनमहिने लागले. कापूस गेला आणि पुढच्या गव्हाच्या पेरणीलाही जमीन मोकळी मिळेना. नुकसानीचा एकूण आकडा ३० अब्ज डॉलरच्या वर गेला. जगाच्या कार्बन उत्सर्जनात या देशाचा वाटा एक टक्काही नाही. सिंध आणि बलुचिस्तानात सलग पाच दिवस जो पाऊस कोसळला, त्याचा जोर तापमानवाढीमुळे सुमारे ७५ टक्क्यांनी वाढला असावा, असा अंदाज शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने त्याच वर्षी मांडला.

जानेवारी २०२३ मध्ये जिनिव्हात मदत परिषद भरली. ९ अब्ज डॉलरहून जास्त रकमेची आश्वासनं मिळाली आणि जगभर त्याच्या बातम्या झाल्या. मग पाकिस्तानचे अर्थमंत्री इशाक दार यांनी सांगितलं, की यातली ९० टक्क्यांच्या आसपास रक्कम प्रकल्पांसाठीचं कर्ज आहे आणि तेही तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळायचं आहे. म्हणजे पूर ज्यांच्या दारात आला, त्यांनीच पुराची भरपाई करायची आणि वर व्याजही भरायचं. आपल्या शेजारी देशाशी आपले संबंध काहीही असोत, हा व्यवहार अन्यायाचा आहे हे म्हणायला आपण कचरू नये. उद्या त्या जागी बांगलादेश असेल, श्रीलंका असेल, आपलाही एखादा किनारा असेल.

हवामान निधी म्हणजे तापमानवाढीला तोंड द्यायला श्रीमंत देशांनी गरीब देशांना द्यायचा पैसा. त्याची चर्चा नेहमी रकमेभोवती फिरते. १०० अब्ज की ३०० अब्ज, की १.३ लाख कोटी डॉलर? रक्कम महत्त्वाची आहेच. पण माझ्या मते खरी गोम रकमेत नाही. उधारी ज्याच्यावर आहे, त्याच्याच हातात वही आहे. किती द्यायचं हे तोच ठरवतो, काय दिलं म्हणायचं हे तोच ठरवतो, आणि खातं चुकतं झाल्याचा शेराही तोच मारतो. ही वही त्याच्या हातून काढून घेतल्याशिवाय आकडा कितीही वाढला तरी न्याय व्हायचा नाही.

मोजमापापासूनच सुरुवात करू. १९९२ साली रिओमध्ये झालेल्या हवामान करारात श्रीमंत देशांनी 'नवीन आणि वाढीव' पैसा देण्याचं मान्य केलं होतं. २००९ मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत आकडा ठरला : २०२० पर्यंत दरवर्षी १०० अब्ज डॉलर. श्रीमंत देशांची आर्थिक संघटना असलेल्या 'ओईसीडी'च्या हिशेबाप्रमाणे २०२० मध्ये ८३.३ अब्ज डॉलर जमले आणि २०२२ मध्ये ११५.९ अब्ज. दोन वर्षं उशिरा का होईना, वचन पाळलं, असा निर्वाळा त्यावरून दिला गेला. पण या रकमेतल्या सरकारी पैशात दोन तृतीयांशाहून अधिक वाटा कर्जाचा होता आणि ते कर्ज पूर्ण दर्शनी रकमेने मोजलं होतं. शंभर डॉलर कर्ज दिलं की वहीत शंभर डॉलर मदत लिहायची; ते शंभर डॉलर व्याजासह परत आले तरी आकडा खोडायचा नाही. 'ऑक्सफॅम' या आंतरराष्ट्रीय स्वयंसेवी संस्थेने कर्जातला खरा सवलतीचा भाग तेवढा धरून, आणि ज्या प्रकल्पांचा हवामानाशी अर्धामुर्धाच संबंध आहे त्यांची रक्कम कापून हिशेब मांडला, तेव्हा २०२० मधली खरी मदत २१ ते २४.५ अब्ज डॉलरच्या दरम्यान निघाली. सांगितलेल्या आकड्याच्या चौथा हिस्सा, फार तर त्याहून थोडी जास्त.

यावर उत्तर मिळतं, की सवलत मोजणं किचकट असतं. ते मला पटत नाही, कारण हेच देश ते दुसरीकडे करतात. विकास मदतीचे अधिकृत आकडे ओईसीडी २०१८ सालच्या आकड्यांपासून याच पद्धतीने काढते. कर्जाचा दर, मुदत, सूट बघून त्यात अनुदानाचा अंश किती हे ठरतं आणि तेवढीच रक्कम मदत म्हणून धरली जाते. दारिद्र्य निर्मूलनाच्या कर्जाला एक मापटं आणि हवामानाच्या कर्जाला दुसरं, याला कसलाही तात्त्विक आधार नाही.

भारताने ही तक्रार फार आधी केली होती. २०१४ साली ६२ अब्ज डॉलर दिले, असं ओईसीडीने २०१५ मध्ये जाहीर केलं, तेव्हा आपल्या अर्थ मंत्रालयाने एक टिपण काढून त्या आकड्याची चिरफाड केली. प्रत्यक्ष हाती पडलेली आणि खात्रीने सांगता येईल अशी रक्कम त्यांच्या मते २.२ अब्ज डॉलर होती. ६२ आणि २.२ या आकड्यांमधलं अंतर बघता, दोन्ही बाजू एकाच गोष्टीबद्दल बोलत होत्या की नाही, असा प्रश्न पडावा. हवामान निधी म्हणजे नेमकं काय, याची सर्वांना बांधील अशी व्याख्या आजही नाही. म्हणूनच २०२३ मध्ये 'रॉयटर्स'ने खोदकाम केलं तेव्हा या खात्यात काय काय सापडलं बघा : बांगलादेशातल्या मातारबारीच्या कोळशावरच्या वीज प्रकल्पाला जपानने दिलेलं कर्ज, आशियात चॉकलेट आणि आइस्क्रीमची दुकानं थाटायला इटलीने केलेलं साह्य, हैतीतल्या एका हॉटेलच्या विस्ताराला अमेरिकेने दिलेलं कर्ज. कोणी कायदा मोडला नव्हता. मोडायला नियमच नव्हता.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर आपल्याकडचा 'पोकरा' बघा. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने मराठवाडा, विदर्भ आणि जळगावातली सुमारे ५ हजार गावं घेतली. पूर्णा खोऱ्यातला खारपाण पट्टाही त्यात आला, जिथे विहिरीचं पाणी पिकाला द्यावं तर जमीनच खराब होते. ठिबक, शेततळं, शेडनेट, विहीर पुनर्भरण यांसाठीचं अनुदान थेट शेतकऱ्याच्या खात्यात जमा झालं. काम गरजेचं होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्यासाठी जागतिक बँकेकडून आलेले ४२ कोटी डॉलर हे कर्ज होतं. शेतकऱ्याच्या हाती अनुदान पडलं तरी बँकेचे हप्ते तुमच्या-माझ्या करातून जाणार. आणि हिशेबाचा सध्याचा नियम असा, की जागतिक बँकेसारख्या संस्थांनी विकसनशील देशांना दिलेल्या हवामानविषयक कर्जातला श्रीमंत भागधारकांच्या वाट्याचा हिस्सा 'श्रीमंत देशांनी दिलेला निधी' म्हणून धरायचा. या रीतीने हिंगोलीच्या शेतकऱ्याचं शेततळंसुद्धा कोणाच्या तरी वचनपूर्तीत जमा होऊ शकतं.

सगळंच कर्ज वाईट, असं माझं म्हणणं नाही. सौर प्रकल्प वीज विकतो, पैसा मिळवतो. त्याला कर्ज देणं रास्त आहे. तिथे अन्याय वेगळा आहे. तोच सौर प्रकल्प आफ्रिकेतल्या एखाद्या देशात उभारायचा तर युरोपपेक्षा दुप्पट-तिप्पट महाग भांडवल घ्यावं लागतं, आणि ऊन भरपूर असूनही गणित बसत नाही. तिथे स्वस्त कर्ज आणि हमी हवी. पण समुद्राची धूप रोखणारा बांध, उंचावर हलवलेलं गाव, पुरात वाहून गेलेली शाळा यातून उत्पन्न येत नाही. तिथे कर्ज देणं म्हणजे आपल्या धुराचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाडणं. कमाई करणाऱ्या कामाला स्वस्त कर्ज आणि जीव वाचवणाऱ्या कामाला अनुदान, एवढी रेघ जरी करारात ओढली तरी निम्मे वाद मिटतील. आज उलटं घडतं : खासगी पैसा सौर-पवनकडे धावतो आणि अनुकूलनाला, म्हणजे बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याच्या कामांना, कोणी विचारत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने विकसनशील देशांची अनुकूलनाची गरज या दशकात वर्षाला २१५ ते ३८७ अब्ज डॉलर इतकी काढली होती. २०२२ मध्ये त्यासाठी आंतरराष्ट्रीय सरकारी स्रोतांतून आले सुमारे २८ अब्ज. २०२५ च्या नोव्हेंबरात ब्राझीलच्या बेलेंमधल्या हवामान परिषदेत हा निधी २०३५ पर्यंत किमान तिप्पट करण्यासाठी प्रयत्न करू, असं ठरलं. कोणत्या वर्षाच्या, कोणत्या रकमेच्या तिप्पट, हे मात्र ठरावात स्पष्ट केलेलं नाही. वही कोणाच्या हातात आहे हे इथे पुन्हा दिसतं.

आता पैसे कोणी द्यायचे ते पाहू. सध्या देणं ही मर्जीची बाब आहे आणि मर्जी निवडणुकीबरोबर बदलते. रिओच्या हवामान कराराखाली उभ्या राहिलेल्या हरित हवामान निधीला ओबामांच्या काळात, २०१४ मध्ये, अमेरिकेने ३ अब्ज डॉलर कबूल केले. त्यातला १ अब्ज दिला आणि सरकार बदलताच उरलेले थांबले. बायडेन यांच्या काळात आणखी १ अब्ज आले. २०२५ मध्ये पुन्हा ट्रम्प आले आणि शिल्लक वचनंच रद्द झाली. ज्या देशाच्या चिमण्यांमधून आजवरच्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे चौथा हिस्सा बाहेर पडला, त्याच्या बाबतीत ही स्थिती. फिजीने किंवा मालावीने आपल्या किनाऱ्याचं, आपल्या धरणाचं दहा वर्षांचं नियोजन करायचं ते कोणाच्या भरवशावर? ओहायोतल्या मतदारांच्या?

"सार्वभौम देशांवर सक्ती कशी करणार?" हा प्रश्न नेहमी विचारला जातो. तो विचारणाऱ्यांना मी ओझोनच्या कराराची आठवण करून देईन. १९८७ च्या माँट्रिअल करारात फ्रीज आणि एअर कंडिशनरमधल्या वायूंवर निर्बंध आले, तेव्हा भारत आणि चीन बाहेर राहिले. ज्यांनी ओझोनचा थर विरळ केला, त्यांनीच आता आपल्याला महागडं तंत्रज्ञान विकायचं, हे मान्य होण्यासारखं नव्हतं. १९९० च्या लंडन बैठकीत मनेका गांधी पर्यावरणमंत्री म्हणून भारताची बाजू लढवत होत्या. तंत्रज्ञान आणि पैसा याची हमी द्या, मग सही करू, ही आपली भूमिका होती. तिथे बहुपक्षीय निधी ठरला आणि १९९२ मध्ये भारत करारात आला.

या निधीची रचना मुद्दाम तपशिलाने पाहावी अशी आहे. कोणत्या श्रीमंत देशाने किती भरायचं हे संयुक्त राष्ट्रांच्या वर्गणीच्या सूत्रावरून ठरतं. त्यात राष्ट्रीय उत्पन्न हा मुख्य आधार. दर तीन वर्षांनी गरजेचा आढावा होऊन निधी पुन्हा भरला जातो. कार्यकारी समितीत सात जागा विकसित देशांना, सात विकसनशील देशांना, आणि मतदानाची वेळ आलीच तर दोन्ही गटांत स्वतंत्र बहुमत लागतं. कोणा एकाला दुसऱ्यावर निर्णय लादता येत नाही. जुन्या वायूवरून नव्यावर जाताना कारखान्याला जो जादा खर्च येतो, तो मोजून प्रामुख्याने अनुदान म्हणून दिला जातो. निष्पत्ती काय, तर ओझोन खाणाऱ्या पदार्थांपैकी सुमारे ९९ टक्के वापरातून गेले, आणि बहुतेक जगावरचा ओझोनचा थर २०४० च्या आसपास १९८० च्या पातळीवर येईल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. पर्यावरणाच्या इतिहासात इतकं यश दुसऱ्या कराराला मिळालेलं नाही, आणि त्याच्या मुळाशी सूत्राने येणारा पैसा आणि बरोबरीचं मत आहे.

फ्रीजमधले वायू आणि सगळ्या जगाचा कोळसा-तेल यांची व्याप्ती एक नाही, हा आक्षेप खरा आहे. ओझोनच्या बाबतीत कारखाने मोजके होते, पर्यायी वायू तयार होते आणि खर्च मोजता येत होता. ऊर्जेच्या सगळ्या संक्रमणाचा खर्च वर्गणीतून निघणार नाही, हे मीही मानतो. पण अनुकूलन आणि हानी-भरपाई यांच्यापुरतं सूत्र लावायला काय हरकत आहे? उत्पन्न आणि दरडोई साचलेलं उत्सर्जन, हे दोन निकष धरा, दर पाच वर्षांनी यादी नव्याने करा. आजची यादी १९९२ ची आहे. त्या वेळी जे ओईसीडीचे सदस्य होते, तेच देणेकरी. कतार, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती, दक्षिण कोरिया यांच्यावर कसलंही बंधन नाही, हे हास्यास्पद आहे. चीनचाही विचार सूत्राने व्हावा. आणि मग भारताचाही. आपलं दरडोई उत्सर्जन वर्षाला २ टनांच्या आसपास, अमेरिकेचं १४ च्या आसपास. इतिहासात साचलेल्या उत्सर्जनात आपला वाटा ३ टक्क्यांच्या जवळपास. कोणतंही प्रामाणिक सूत्र आज आपल्याला देणेकरी ठरवणार नाही. म्हणून सूत्राची मागणी आपणच सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्याने करायला हवी, आणि उद्या आपण श्रीमंत झालो तर तेच सूत्र आपल्यालाही लागू होईल, हे आजच लिहून द्यायला हवं. अझरबैजानमधल्या बाकूच्या हवामान परिषदेत २०२४ साली वर्षाला ३०० अब्ज डॉलरच्या हवामान निधीचा ठराव हातोडा मारून संमत झाल्यावर भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी त्याला दृष्टिभ्रम म्हटलं. बरोबरच म्हटलं, सरकारी, खासगी, बँकांचे असे सगळे स्रोत त्यात एकत्र कालवले होते. पण नुसत्या निषेधाने काही हाती लागत नाही. पर्यायी सूत्राचा मसुदा घेऊन भारत उभा राहिला असता, तर त्या निषेधाचं वजन वाढलं असतं.

मर्जीवर न चालणारे आणखी मार्गही आहेत. हवामानाच्या क्योटो करारातल्या कार्बन क्रेडिटवर, म्हणजे उत्सर्जन कमी केल्याच्या विकता येणाऱ्या दाखल्यांवर, २ टक्के कापून अनुकूलन निधी उभा राहिला होता. कोणत्याही संसदेपुढे हात पसरावा लागत नव्हता, आणि मंडळात विकसनशील देशांचं बहुमत होतं. आपली 'नाबार्ड' थेट त्या निधीकडे जाऊ शकते, मध्ये परदेशी दलाल संस्था लागत नाही. पुढे क्रेडिटचे भाव कोसळले आणि झरा आटला. त्यावरून धडा घ्यायचा तो एवढाच, की एका बाजारावर सगळी भिस्त ठेवू नये. जहाजांच्या उत्सर्जनावर जागतिक शुल्क लावण्याचा आराखडा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेत एप्रिल २०२५ मध्ये मंजूर झाला; ऑक्टोबरात अमेरिकेच्या दबावाखाली त्याचं अंतिम मतदान वर्षभर पुढे ढकललं गेलं. ही माघार मला बाकूच्या ठरावापेक्षा जास्त गंभीर वाटते. वर्गणी बुडवता येते. बंदराच्या दारात शुल्क बुडवणं कठीण.

मिळायचा तो पैसा वेळेवर मिळणं हाही न्यायाचाच भाग आहे. २०१७ मध्ये 'मारिया' चक्रीवादळाने डोमिनिका या बेटाचं एका रात्रीत वार्षिक उत्पन्नाच्या २२६ टक्के नुकसान केलं. अशा देशाला अर्ज, छाननी, मंजुरी यांत दोन वर्षं घालवणं परवडत नाही. कॅरिबियनमधल्याच ग्रेनाडाने २०१५ मध्ये कर्जाची पुनर्रचना करताना करारात एक कलम घालून घेतलं : मोठं वादळ आलं तर हप्ते आपोआप थांबतील. २०२४ मध्ये 'बेरिल' आलं आणि ग्रेनाडाने ते कलम वापरलं. कोणाची मनधरणी नाही, परिषद नाही. हप्त्याचा पैसा छपरांकडे वळला. बार्बाडोसच्या पंतप्रधान मिया मॉटली हे कलम सगळ्या कर्जांत असावं म्हणून वर्षानुवर्षं भांडत आहेत. आपोआप चालणाऱ्या व्यवस्थेतही उंबरठा कोण आखतो याला महत्त्व असतं. त्याच बेरिलने जमैकात छपरं उडवली, पण १५ कोटी डॉलरच्या आपत्ती रोख्यातून (ठरलेल्या तीव्रतेची आपत्ती आली तरच गुंतवणूकदारांचा पैसा देशाला मिळतो असा रोखा) एक पैसा सुटला नाही, कारण हवेचा दाब करारातल्या आकड्याइतका उतरला नव्हता. पुढच्या वर्षी 'मेलिसा' आलं तेव्हा पूर्ण रक्कम मिळाली. उंबरठा गुंतवणूकदारांच्या सोयीने आखला की असं होतं.

इजिप्तमधल्या शर्म अल शेखच्या हवामान परिषदेत २०२२ साली मान्य झालेल्या हानी-नुकसान निधीसाठी, म्हणजे हवामान आपत्तींची झळ बसलेल्या देशांना मदत देणाऱ्या निधीसाठी, ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवायला हवी. समुद्राच्या वाढत्या पातळीपासून विमा द्या, ही मागणी वानुआतूने १९९१ मध्ये केली होती. निधी उभा राहायला तीस वर्षं लागली. दुबईत २०२३ मध्ये त्याला मिळालेली आश्वासनं सुमारे ७० कोटी डॉलरची. अमेरिकेची त्यात १.७५ कोटी. पहिल्या टप्प्यात वाटायला २५ कोटी ठेवले आहेत आणि एका अर्जाला ५० लाख ते २ कोटी. पाकिस्तानच्या ३० अब्जांपुढे हे आकडे ठेवून पाहावेत. या रांगेत भारताने पुढे घुसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बेटांना आणि सर्वांत गरीब देशांना आधी जाऊ द्यावं. त्यांच्यासाठी जागा सोडूनच आपल्या शब्दाला किंमत येईल.

आणि जो न्याय आपण जगाकडे मागतो, तो आपल्या गावात आहे का? सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने मराठवाड्यात सोयाबीन कुजलं, नदीकाठच्या जमिनी खरवडून गेल्या. राज्याने ३१,६२८ कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. आपत्ती निधीच्या निकषाने जिरायत पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, म्हणजे एकरी साधारण ३,४०० रुपये. तेही नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असेल, तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांचा पंचनामा झाला असेल, सातबारावर नाव असेल आणि केवायसी पूर्ण असेल तर. बटईने कसणाऱ्याचं नाव सातबारावर नसतं. दुसऱ्याच्या रानात सोयाबीन काढायला जाणाऱ्या मजूर बाईचे सुगीचे वीस-पंचवीस दिवस पाण्यात गेले. तिच्या नुकसानीला पंचनाम्यात रकानाच नाही. बाधित कोण आणि नुकसान किती, हे देणाराच ठरवतो, ही तक्रार आपण बाकूमध्ये करतो. तीच तक्रार ती बाई आपल्याविरुद्ध करू शकते.

यासाठी कोणत्याही जागतिक कराराची वाट पाहायची गरज नाही. बटईदारांची नोंद ग्रामसभेच्या साक्षीने करता येईल. अतिवृष्टी झालेल्या मंडळांत बुडालेल्या मजुरीची भरपाई रोजगार हमीच्या नोंदींना जोडता येईल. मंडळातल्या पर्जन्यमापकाने ठरावीक आकडा ओलांडला की पहिला हप्ता पंचनाम्याआधी खात्यात टाकता येईल. तो आकडा कोणता असावा हे ठरवताना शेतकरी आणि मजूर समितीत बसवता येतील. महाराष्ट्राने पुढच्या खरिपापासून एका जिल्ह्यात जरी हे करून दाखवलं, तरी हानी-नुकसान निधीच्या मंडळापुढे ठेवायला भारताकडे हातात एक चालता नमुना असेल.